हाळीचे पहिले बारा दिवस

२ फेब्रुवारी २०२६, सोमवार

राजनंदिनीने आज वही दिली. रोज लिही म्हणाली. काय समजलं, काय नाही समजलं, राग कशाचा आला, सगळं. ॲप वापरणाऱ्या माणसाच्या डोक्यात काय चालतं ते आम्हाला कळायला पाहिजे. मी म्हटलं, सहावीतनं शाळा सोडलेल्याच्या डोक्यात काय चालणार? "चुका चालतील, खोटं नको," म्हणाली. मग मी दुकानातून आणखी एक बारकी वही आणली. बारकी तिला दाखवायची. ही माझी.

तिघांचा प्रोजेक्ट आहे. धनाजी आणि अजिनाथ माझ्या शेजारच्या खोलीत राहतात, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. राजनंदिनी सोलापूरच्या बाळे भागातून स्कूटीवर येते, तीच त्यांची म्होरकी. मी चिंचोळी एमआयडीसीत सकाळपाळीला गाड्या भरतो. त्यांना एक मेंढपाळ पाहिजे होता आणि तो भिंतीपलीकडेच निघाला.

नाव मी दिलं. हाळी. एका माळावरून हाळी दिली की दुसऱ्या माळावरचा ऐकतो, तो पुढच्याला देतो. ॲपचं तसंच. चोरांनी मेंढरं गाडीत घालून पळवली की गाडीचा नंबर टाकायचा, बटण दाबायचं, की वाटेवरच्या सगळ्यांचे फोन भोंग्यासारखे वाजणार.

नोव्हेंबरात पहाटे चौघे आले होते. आबांच्या, म्हणजे माझ्या बापाच्या हातावर लोखंडी गज घातला. कोपरापासून हात उलटा झाला. कुत्र्याच्या डोक्यात दगड घातला. चौदा मेंढरं नेली. तेव्हा कळप गावाकडं होता, जतच्या पलीकडं. मी इथे खोलीत घोरत होतो. गाव सोडून आठ वर्षं झाली, पाच ठिकाणची कामं सोडली, पण त्या पहाटेपासून माझे हात शिवशिवायचे थांबले नाहीत.

बारा दिवसांत ॲप उभं करायचं. त्याला हे लोक स्प्रिंट म्हणतात. अजिनाथ म्हणाला, "स्प्रिंट म्हंजे पळायची शर्यत बे." मी म्हटलं, "कुणाच्या मागं पळायचं?"

४ फेब्रुवारी

रोज चार वाजता उभी मीटिंग. बसायचं नाही, बसलं की माणूस लांबण लावतो म्हणे. प्रत्येकाने तीन गोष्टी सांगायच्या. काल काय केलं, आज काय करणार, कुठं अडलं.

माझी पाळी आली. मी म्हटलं, काल सहाशे गोण्या चढवल्या, आज पण सहाशे, अडलं कुठंच नाही. अजिनाथ हसला. राजनंदिनी म्हणाली, "ॲपबद्दल सांग." पण तो तिसरा प्रश्न मला फार आवडला. कुठं अडलं असं मला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

भिंतीवर तीन रकाने केलेत. करायचं, चाललंय, झालं. रंगीत चिठ्ठ्या इकडून तिकडे सरकतात.

६ फेब्रुवारी

कामावर मारामारी. मुकादमाचा माणूस माझ्या पायावर गोण टाकून वर म्हणाला, "धनगरा, मेंढरासारखा बघू नगंस." मी त्याचं तोंड ट्रकच्या फळीवर आपटलं. ओठ फाटला, दात आत घुसले. हाताला रक्त लागलं तेव्हा कुठं बरं वाटलं. दोन दिवस कामावर येऊ नको म्हणाले.

चारच्या मीटिंगला धनाजीने माझा हात बघितला. तो शामळू पोरगा आहे, चष्म्याआड डोळे ओले असल्यासारखे दिसतात. म्हणाला, "पट्टी आणू का बे?" मी म्हटलं, "माझं न्हाय ते रगत."

बारक्या वहीत लिहिलं: आज राग आला नाही.

७ फेब्रुवारी

सुट्टी मिळालीच होती, म्हणून मेंढपाळांचे फोन नंबर गोळा करत हिंडलो. कळप सध्या होटगीच्या बाजूला आहे, ज्वारी निघालेल्या रानात मेंढरं बसवलीत. तिथून पुढच्या वस्त्यांवर गेलो, बाजारात गेलो. पोरांच्या फोनमध्ये स्वतः ॲप घालून दिलं. एकशे त्रेसष्ट माणसं झाली.

एक जण म्हणाला, "वाजलं की आमी काय करायचं?"

मी म्हटलं, "काय करशील?"

"तंगड्या मोडीन की."

"मग झालं."

८ फेब्रुवारी, रविवार

आक्काकडे गेलो. पायल माझी थोरली बहीण. सोलापुरातलं स्थळ म्हणून आईने हौसेनं दिली. दाजी, अभिमन्यू, स्वतःची पिकअप चालवतो. महिन्यातले पंधरा दिवस तरी भाडं घेऊन बाहेर असतो, त्यामुळे आक्काला श्वास घ्यायला फट मिळते.

आज पदर तोंडावर धरूनच बोलत होती. मी ओढला. पुढचा दात नाही. हिरडी काळी पडलेली.

"नळावर पडले."

"नळ कुटल्या गावाचा? त्याचं नाव अभिमन्यू का?"

"बिरू, तू मधी पडू नगंस."

"गप बसू व्हय?"

"व्हय. गप बस. मागल्या टायमाला तू त्याची गचांडी धरलीस आन् घरला गेलास. पाठ कुणाची फुटली?"

तेवढ्यात दाजी आला. हसून म्हणाला, "काय मेव्हणं, कारखाना बंद हाय व्हय?" मला चहा दिला. कप आक्काच्या हातून घेऊन स्वतः दिला. मी प्यालो. का प्यालो माहीत नाही. घरी येताना रस्त्याकडेच्या बाभळीला लाथ घातली, अंगठ्याचं नख निघालं.

त्याच्या गाडीचा नंबर गेल्या दसऱ्याला मीच रंगवला होता. पाठ आहे.

१० फेब्रुवारी

आज मीटिंगमध्ये भांडण. बटणं दोन आहेत, चाचणी आणि खरी. चाचणी दाबली तर आमच्या चौघांचेच फोन वाजतात, खरी दाबली तर सगळ्यांचे. राजनंदिनी म्हणाली, खरीला कुलूप घाल, सरांना दाखवेपर्यंत ते उघडायचं नाही. धनाजी म्हणाला, "घालतो."

मग ती म्हणाली, भोंगा वाजल्यावर लोकांनी काय करायचं ते लिहिलं पाहिजे. तिने लिहूनच आणलं होतं: गाडी अडवा, कुणालाही हात लावू नका, पोलिसांना कळवा.

अजिनाथ म्हणाला, "स्क्रीनवर बसत नाही बे ते. मग नंबर बारका करावा लागतो."

राजनंदिनीने माझ्याकडे बघितलं. "बिरदेव, तू सांग. वापरणारा तू आहेस."

मी म्हटलं, "ताई, एवढं कोण वाचतंय? नंबर मोठा दिसू दे."

तिने ती चिठ्ठी काढली आणि पुढच्या स्प्रिंटच्या ढिगात ठेवली. मला मान मिळाल्यासारखं वाटलं. इंजिनिअर पोरीनं माझं ऐकलं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी दहाला आबांचा फोन. दाजी आज गाडी घेऊन येतोय म्हणाले. कळप हलवायचा आहे, मेंढरं चालत जातील, पण कोवळी पिलं आणि दोन लंगड्या मेंढ्या गाडीत घालून पुढच्या रानात नेऊन सोडणार. पूर्वी घोडं असायचं त्याला, आता सगळे पिकअप करतात. चारला निघणार. आबा खूश होते. "जावई चांगला हाय," म्हणाले.

बाराला आक्काचा फोन. नुसता श्वास. मग म्हणाली, काही नाही, चुकून लागला.

चार वाजता मीटिंग. शेवटची चाचणी. धनाजी म्हणाला, "बिरू, तुझ्या फोनवरनं सोड. कुठलापण नंबर टाक, जागा पण टाक कुठलीपण."

टाकलं. सगळ्यांचे फोन वाजले. अजिनाथ नाचला. राजनंदिनीने शेवटची चिठ्ठी झालंच्या रकान्यात नेऊन लावली आणि मला टाळी दिली.

भूक लागली होती. वडापाव खाल्ले, चार.

१३ फेब्रुवारी

व्हिडिओ सगळीकडे फिरतोय. मी सतरा वेळा बघितला.

होटगीच्या पुढं वस्तीजवळ रस्त्यावर दगड लावून गाडी अडवली. पंचवीस-तीस माणसं. आधी काचा फोडल्या. दाजीला खिडकीतूनच ओढला, काचेनं पोट चिरलं. तो ओरडतोय, "माझ्या सासऱ्याची हायत, सासऱ्याची हायत." एकाने तोंडावर ट्रॅक्टरचा पाना मारला, त्याच्यापुढचं ओरडणं शब्दांचं नाही. मग काठ्या, साखळी, कोयत्याची मागची बाजू. पायावर दगड टाकला, उचलला, पुन्हा टाकला. गाडी ढकलून आडवी केली. पिलं आत होती. पिलांचा आवाज माणसाच्या लेकरासारखा असतो हे ज्याने ऐकलंय त्यालाच माहीत.

मग एक म्हातारा कडेनं पळत येतो. एक हात गळ्यात बांधलेला. तो दाजीवर आडवा पडतो. त्याच्या पाठीत दोन काठ्या बसतात तेव्हा कुणीतरी ओरडतं, "आरं कोंडीबा हाय त्यो! थांबा!" आबा म्हणतात, "जावई हाय माझा. माझा जावई हाय." आणि व्हिडिओ थांबतो.

मारणाऱ्यांत तो तंगड्या मोडीन म्हणणारा पण आहे. निळा शर्ट.

धनाजीने काल सातलाच सगळं पुसून टाकलं. व्हिडिओच्या वर लोकांनी आमचा मेसेज लावला होता, हाळी असं मोठ्या अक्षरात. अजिनाथ म्हणाला, पूस बे, पोलीस येतील. सर्व्हरवरचं, फोनवरचं, सगळं गेलं. आता कुणी काय दाबलं ते बघायला कुठंच जागा नाही. आज सरांना दाखवायला पण काही नव्हतं. सरांना सांगितलं, लॅपटॉप बिघडला.

राजनंदिनी धनाजीला म्हणाली, "कुलूप घातलं होतंस ना?"

धनाजीचा चेहरा कागदासारखा झाला. म्हणाला, "घातलं होतं. मग काल सकाळी काढलं. सरांपुढं काढायला विसरीन म्हणून... बिरूनं चाचणीच दाबली असणार. चाचणीचीच खरी झाली असणार. माझ्याकडनं चुकलंय कुठंतरी."

तिने माझ्याकडे वळून विचारलं, "पण नंबर त्याचाच कसा टाकलास?"

"पाठ व्हता," मी म्हटलं. "कुटलापण टाक म्हनाला ना त्यो."

आपल्या घरच्या माणसासोबत कुणी असं मुद्दाम करेल हे तिच्या डोक्यातच येत नाही. चांगल्या घरची आहे.

१४ फेब्रुवारी

सरकारी दवाखाना. दाजीचा जबडा तारेनं बांधलाय. डावा पाय दोन ठिकाणी, उजवा गुडघा. डॉक्टर म्हणाले, चालेल, पण गाडी चालवायचं विसरा. चार पिलं मेली.

आक्का वाटीतून पातळ भात नळीनं देत होती. चेहऱ्यावर काही नव्हतं. मला वाटलं होतं काहीतरी असेल. काय असेल वाटलं होतं ते लिहीत नाही.

आबांच्या पाठीवर दोन वळ. मी तेल लावलं. म्हणाले, "कुणी केलं रं हे? आपलीच मानसं की सगळी."

१६ फेब्रुवारी, सोमवार

दाजीचा थोरला भाऊ सिद्धप्पा आला, अक्कलकोटकडून. बरोबर त्यांचे दोन चुलतभाऊ. चिंचोळीच्या फाटकावर मला गाठलं.

"नंबर गोळा करत तूच हिंडालतास की रं."

"मी नुसतं नंबर घेतलं."

"मग सोडलं कुनी?"

मी एक श्वास घेतला. तेवढा वेळ होता माझ्याकडे. पुरेसा होता. मी म्हटलं, "बनवलं त्यानं सोडलं आसंल. चुकून."

"कुटं ऱ्हातो?"

मी पुढं चालत गेलो. ते मागं.

धनाजी दारात पाण्याची बादली भरत होता. सिद्धप्पा कानडीत म्हणाला, "बा इल्ली," ये इकडं. धनाजीला कानडी येत नाही, तरी तो आला. पहिला फटका कानाखाली, चष्मा बादलीत पडला. मग लाथा. तो पोटाला हात धरून गोल झाला आणि म्हणत राहिला, "चुकलं माझं, चुकलं माझं, चुकलं माझं." कुणी मारत असताना माणूस असं म्हणाला की मारणाऱ्याला थांबवत नाही. उलट हुरूप येतो. मला हे आतून माहीत आहे.

सिद्धप्पाने माझ्याकडे बघितलं. "तुझा दाजी हाय का कुनी परका? उभा काय राहालास?"

मी मारलं. दोनदा. दुसऱ्यांदा त्याची भुवई फुटली. तो माझ्याकडे बघत होता, चष्म्याविना. त्याला मी नीट दिसत नसणार. तरी म्हणाला, "सॉरी, बिरू."

अजिनाथ आला, आरडला, शेजारचे आले, मग ते तिघं गेले.

आज बारक्या वहीत काय लिहू?

१७ फेब्रुवारी

कामावर गेलो. गोण उचलली की भुवई फुटल्याचा आवाज येतो. खरं तर आवाज आलाच नव्हता.

१९ फेब्रुवारी

धनाजी तीन दिवस जेवला नाही. भिंत पातळ आहे. स्वतःच्या डोक्यावर टपल्या मारत तोच तोच कोड आठवून कागदावर लिहितोय, चूक कुठं आहे ते शोधायला. अजिनाथ म्हणतो, "बंद कर बे, येडा होशील." तो म्हणतो, "सापडली की झोपतो."

त्याला ती सापडणार नाही. चूक तिथं नाहीच.

लिहितो. ही वही माझी आहे, इथं तरी लिहितो. त्या दिवशी दोन बटणं समोर होती. चाचणी पिवळं, खरी तांबडं. रोज मी पिवळं दाबत होतो. बाराला आक्काचा नुसता श्वास ऐकल्यापासून माझ्या डोक्यात चार वाजायची वाट बघणं चाललं होतं. जागा कुठलीपण टाक म्हणाला धनाजी, मी होटगीच्या पुढची टाकली. कुलूप उघडं आहे हे सकाळी त्यानेच मला सांगितलं होतं, काळजीनं, चुकून दाबू नकोस म्हणून.

मला वाटलं दोन थपडा बसतील. हे पण खोटं. मी नोव्हेंबरपासून रोज डोक्यात त्या चौघांना मारत होतो. त्यांचे चेहरे मला माहीत नव्हते. अभिमन्यूचा माहीत होता.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

राजनंदिनी म्हणाली, स्प्रिंट संपला की रेट्रो होतो, तो होणार. मागं वळून बघायची मीटिंग. अजिनाथ म्हणाला, "कशाचा रेट्रो? पुसलंय सगळं." ती म्हणाली, "ॲप पुसलंय. आपण चौघं आहोत की."

या वेळी बसलो. भिंतीवर नवे तीन रकाने. चांगलं काय झालं, चुकलं काय, पुढं काय बदलायचं. प्रत्येकाला चिठ्ठ्या आणि पेन. पाच मिनिटं कुणी कुणाशी बोलायचं नाही.

पहिल्या रकान्यात कुणी काही लावलं नाही. दुसऱ्यात राजनंदिनीने लावलं: ती ओळ मी पुढच्या स्प्रिंटला टाकली. अजिनाथने लावलं: पूस म्हणालो. धनाजी उठला, भुवईला टाके, आणि एक चिठ्ठी लावली. माझा कोड, एवढंच.

मग तो खाली बसताना भिंतीला धरून बसला. बावीस वर्षांचा पोरगा, म्हाताऱ्यासारखा. आणि मी उभा राहिलो. चिठ्ठी कोरी होती. म्हटलं, "लिहायला जमलं न्हाय, बोलतो. मी तांबडं दाबलं."

कुणाला कळलं नाही आधी.

"चाचणी न्हाय. खरी. बघून दाबलं."

अजिनाथ म्हणाला, "काय बोलालास बे?"

राजनंदिनीने एकच प्रश्न विचारला. आवाज चढवला नाही. "गाडी त्या वेळी तिथं असणार हे तुला माहीत होतं?"

"व्हय."

अजिनाथने मला मारायला हात उचलला आणि तो तसाच हवेत राहिला, कारण धनाजी हसत होता. हसत होता की रडत होता ते सांगता येत नाही. नाकातून पाणी. म्हणत होता, "म्हंजे खरी दाबल्यावर खरीच गेली. एकशे त्रेसष्टला गेली. म्हंजे बरोबर चाललं की बे. माझा कोड बरोबर चालला." मग एकदम थांबला आणि खोलीच्या कोपऱ्यात जाऊन उलटी केली. पोटात काही नव्हतं, नुसतं पिवळं पाणी.

मी म्हटलं, "मार मला. भुवई फोड."

धनाजी तोंड पुसत म्हणाला, "तुला तेच पाहिजे, व्हय? मारून घेऊन मोकळा होणार. नाही मारत जा."

राजनंदिनी म्हणाली, तिसऱ्या रकान्यात काही नाही अजून. मी म्हटलं, ठाण्यात जातो. ती म्हणाली, आम्ही पण येणार, पुसल्याचं आम्हाला पण सांगावं लागेल. मी म्हटलं, एक दिवस द्या. आधी आक्काला सांगतो.

बारकी वही तिच्यापुढं ठेवली. म्हटलं, यातलं काही वाचू नको, सगळं खोटं आहे. तिने घेतली नाही.

२१ फेब्रुवारी, शनिवार

आक्का वार्डाबाहेर पायरीवर कपडे पिळत होती. सांगितलं. सगळं, एका दमात. वाटलं, माझ्यासाठी केलं म्हटल्यावर डोक्यावर हात ठेवील. खरंच वाटलं होतं. लिहायला लाज वाटते.

तिने पिळलेला कपडा माझ्या तोंडावर मारला. ओला कपडा चाबकासारखा लागतो. परत मारला. परत. गाल तडकला.

"माझ्यासाठी? मी सांगितलं हुतं तुला? मी गप बस म्हनले हुते."

"आक्का, त्यो तुला मारत हुता."

"आन् तू काय केलंस? तू तेच केलंस. मानसं लावून केलंस." मग आवाज खाली आणून म्हणाली, "मला वाटलं देवानं केलं. म्हणून हितं बसले हुते मी आठ दिस. देवानं केलं तर माझं काय चालतंय, असं म्हनत त्याचं सगळं काढत हुते. आता माझ्या भावानं केलं. म्हंजे मीच केलं की. त्यो काय म्हनंल? सासू काय म्हनंल? पूर्वी पंधरा दिस तरी बाहीर असायचा त्यो. आता गाडी न्हाय. आता जलमभर घरात. आन् काठी हातात."

माझ्या हे डोक्यातच आलं नव्हतं. खरंच नव्हतं. गाडी गेली म्हणजे तो घरी.

म्हणाली, "त्याला तू सांग. मी न्हाय सांगणार."

आत गेलो. सासू कोपऱ्यात डुलकी घेत होती. दाजीच्या कॉटजवळ वाकून सांगितलं. जबडा बांधलेला, बोलता येत नाही. डोळे मात्र मोकळे. वाटलं माझ्यावर रोखील, रोखू दे. त्याने माझ्याकडे बघितलंच नाही. माझ्या खांद्यावरून मागं बघितलं. मागं आक्का वाटी घेऊन उभी होती.

तसं बघणं मी ओळखतो. हिशेब कुणाशी करायचा ते ठरलं होतं.

आक्कानेही ते बघितलं. वाटी कॉटखाली ठेवली. सासूला हलवून जागं केलं आणि म्हणाली, "आत्या, तुमचं लेकरू तुमी बघा. तासानं नळी द्या, पालथं पडू देऊ नगा." पिशवी उचलली. त्यात दोन लुगडी, एक ताट. आणि चालायला लागली.

मी मागं गेलो. फाटकाशी वळली. "आबांकडं चाललेय. तिकडं कळपात ऱ्हाईन. तू माझ्यामागं यिऊ नगंस."

"एकटी कशी जाशील?"

"तू संगं असताना काय झालं?" म्हणाली आणि होटगीकडं जाणाऱ्या रिक्षात बसली. तोंडावरचा पदर काढला होता. दात नसलेली जागा उघडीच होती.

२२ फेब्रुवारी, रविवार

ठाण्यात बाकावर बसून लिहितोय. तिघं बाहेर झाडाखाली उभे आहेत. हवालदारांनी आधी मला एकट्याला आत बोलावलं होतं.

आत त्यांनी विचारलं, "तक्रार कुणाविरुद्ध द्यायचीय?"

मी म्हटलं, माझ्याविरुद्ध.

त्यांनी वर बघितलं. "प्यालास का रं सकाळी सकाळी?" नाही म्हटलं. मग ॲप म्हणजे काय, स्प्रिंट म्हणजे काय, चाचणी आणि खरी, सगळं सांगितलं. मध्येच त्यांनी पेन खाली ठेवलं आणि आपल्या फोनवर तो व्हिडिओ लावला, मला दाखवत, हाच का म्हणून. मी हो म्हटलं. म्हातारा कडेनं पळत आला तिथं मी मान वळवली. त्यांनी ते बघितलं आणि व्हिडिओ बंद केला.

"बस बाहेर," म्हणाले. "साहेब येऊ देत, मग पूर्ण लिहू. नुसतं नाव घेऊन ठेवतो."

"बिरदेव," मी म्हटलं.

"बापाचं नाव?"

दोनदा विचारावं लागलं त्यांना. मग मी सांगितलं, "कोंडीबा."